दुसरं मत: कधी आणि कसं?

अपघातानंतर डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: शस्त्रक्रिया आत्ताच हवी, की एक-दोन दिवस थांबता येईल? मेंदूत रक्तस्राव, हाड बाहेर आलेली जखम, हातापायाचा रक्तपुरवठा तुटलेला, अशा वेळी दुसऱ्या मतासाठी धावपळ नको. तातडीचे उपचार देणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच स्पष्ट केलं.

त्वचा न फाटलेल्या फ्रॅक्चरमध्ये मात्र अनेकदा सवड मिळते. तेव्हा केसपेपर, एक्स-रे आणि सीटी किंवा एमआरआयची सीडी मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, कारण दुसऱ्या डॉक्टरांना मूळ चित्रं बघावी लागतात. मागणी लेखी करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात.

‘डॉक्टर रागावतील’ म्हणून घरचे गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या मताचा हक्क स्पष्ट नोंदला आहे.

पैशांची अडचण असेल तर महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा.