कार्बन-तंतूंचे विटणे : कारण व उपाय

मोटारसायकलीचे कार्बन-तंतूंचे भाग उन्हाने पिवळट, पांढुरके पडले की तंतूच विटले असा समज होतो. तो यथार्थ नव्हे. सुमारे ५ ते ७ मायक्रोमीटर व्यासाचे हे तंतू प्रकाशाने विटत नाहीत. विटते ती त्यांना बांधणारी इपॉक्सी राळ. तिच्या रेणूंतील बेंझीन-वलये जंबुपार किरण शोषतात व प्राणवायूच्या सान्निध्यात पिवळी संयुगे निर्माण होतात. म्हणून भाग स्वच्छ धुऊन, पाण्यासह बारीक वॉटरपेपरने विटलेला थर तेवढाच घासावा व वर जंबुपार-रोधक पारदर्शक पॉलियुरेथेन लेप द्यावा. घासणीचे पांढरे पाणी काळे होऊ लागताच थांबावे. कारण मग तंतूच कापले जाऊन भागाचे बळ घटते. तडा गेलेला भाग मात्र लेपाने झाकला जातो, सांधला जात नाही.