अठ्ठ्याऐंशी टँकरचं स्टेडियम

स्टेडियम केवढं, असं विचारलं की कुणीही प्रेक्षकांचा आकडा सांगतं. वीस हजारांचं, पन्नास हजारांचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत सातवीच्या पोरांनी पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं होतं : 'क्षमता – ८८ टँकर'. तिथं शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांनी हे हसत हसत सांगितलं आणि मी म्हटलं, येतो बघायला.

प्रकल्पाचा विषय 'पर्यावरणपूरक क्रीडांगण'. अशा विषयांची मला धास्तीच असते. वर चार सौर पॅनल, कडेनं हिरवा रंग, खाली झाडं लावण्याचा उपदेश, आणि पालक येऊन फोटो काढून जातात. वर्गात शिरलो तर वासही तसाच आला, गरम तारेनं थर्माकोल कापल्याचा. घशात बसणारा, गोडसर, जळकट. राज्य सरकारनं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी केली तेव्हा थर्माकोलची सजावटही त्यात आली होती. इथं एक गट थर्माकोलचंच पर्यावरणपूरक स्टेडियम उभारत होता. मी सरांकडे पाहिलं. 'घरी पडून होतं म्हणतात,' ते म्हणाले, 'आणि फेकलं असतं तर कुठं गेलं असतं?' उत्तर चोख होतं, पण खिडक्या त्यांनी उघडल्याच. बाहेरून यंत्रमागांचा खडखडाट आत आला. पोरांना त्याचं काहीच नव्हतं. त्यातली निम्मी त्या आवाजातच जन्मलेली, घरी तेलुगू आणि वर्गात मराठी बोलणारी.

गट पाडणं, कामं वाटणं, वहीत आराखडा काढणं हे सगळं आधीच उरकलं होतं. नमुना म्हणून पार्क स्टेडियम घेतलं होतं. कागदोपत्री ते इंदिरा गांधी स्टेडियम, पण सोलापूरकरांच्या तोंडी पार्कच. पॉली उम्रीगर याच गावात जन्मले, १९२६ साली, आणि कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, हे पोरांना सरांनी सांगून ठेवलेलं. २०२४ च्या जानेवारीत जवळपास तीन दशकांनी पार्कवर रणजी सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. तो बघायला गेलेला एकजण वर्गात होता. त्याला खेळाडूंपेक्षा ऊन जास्त आठवत होतं. 'जानेवारीत बी डोकं तापलं ओ सर.'

म्हणून कामाची सुरुवात सावलीपासून झाली, आणि मला वाटतं सरांचं खरं कसब तिथंच दिसलं. शाळेच्या अंगणात काठी रोवून दर तासाला खडूनं सावलीचं टोक आखलं. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीतच जिरते. तेव्हा छप्पर पुढं आलेलं नसेल तर भर दुपारी स्टँडमध्ये सावली शोधून सापडायची नाही. संध्याकाळचं गणित वेगळं. पश्चिमेच्या स्टँडमधल्या माणसाच्या पाठीला ऊन, पूर्वेकडच्याच्या डोळ्यांत. खेळपट्टी उत्तर-दक्षिण का असते, हेही त्यातच निघालं. नेपियरचं मैदान पूर्व-पश्चिम आहे. २०१९ च्या जानेवारीत तिथं भारत-न्यूझीलंड सामना मावळतीचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत येतो म्हणून थांबवावा लागला होता. पोरं यावर जाम खूश. पावसानं सामना थांबतो हे ठाऊक होतं, उन्हानं थांबतो हे नव्हतं.

थर्माकोलवाल्या गटाचा म्होरक्या यूट्यूब पाहून आला होता. तैवानच्या काऊश्युंग शहरातल्या स्टेडियमच्या छपरावर ८,८४४ सौर पॅनल आहेत, हे त्यानं मला एका दमात सांगितलं. कतारनं ९७४ कंटेनर वापरून २०२२ च्या विश्वचषकासाठी सुटं करता येईल असं स्टेडियम बांधलं, आणि ९७४ हा त्या देशाचा फोनचा कोडही आहे, तेही सांगितलं. ऐकायला मजा येते. पण त्याच्या मॉडेलमध्ये पाणी कुठंच नव्हतं. मैदानाला रंग दिला होता, झकास पोपटी.

पाणी शेजारच्या बाकावर होतं. दोन वेण्या, कोपरापर्यंत डिंक लागलेली एक मुलगी तिथं काम करत होती. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्या टॉवेलचे कापून उरलेले काठ तिनं आणले होते, हिरव्या रंगात बुडवून वाळवले होते आणि एकाला एक शिवून मैदान केलं होतं. टॉवेलचे उभे फासे गवतासारखे दिसतात हे लक्षात यायला टॉवेलवाल्याचंच पोर लागतं. छप्पर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, त्याला पन्हळ म्हणून उभी चिरलेली पाईप, पन्हळीच्या तोंडाशी बरणी. तांब्यानं ती पत्र्यावर पाऊस पाडायची. पहिल्या खेपेला सांध्यातून गळालं आणि मैदान भिजलं. तिनं टॉवेल पिळला, सांध्याला मेण लावलं, परत तांब्या उचलला. पहिलं पाणी ती बरणीत जाऊ देत नव्हती; बोटानं पन्हळ वळवून बादलीत सोडायची. का, विचारलं. 'धूळ आस्ते की. गिरणीची बी, कापसाची बी.'

८८ टँकर तिचेच. हिशेब तिनं मला वहीत दाखवला. सोलापूरला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला. म्हणजे एका चौरस मीटर छपरावर साडेपाचशे लिटर. छप्पर दोन हजार चौरस मीटर मानलं, तर अकरा लाख लिटर. त्यातला पाचवा हिस्सा गळती, बाष्प आणि त्या पहिल्या धुळीच्या पाण्यात सोडला. उरले आठ लाख ऐंशी हजार. दहा हजार लिटरचा एक टँकर. लिटरमध्ये का नाही लिहिलं? तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. लिटर कुणी बघितलाय, टँकर तर गल्लीत येतो.

या गावात हे समजावून सांगावं लागत नाही. उजनी धरण सुमारे शंभर किलोमीटरवर, आणि नळाला पाणी कित्येक वर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड. पाणी आलं की घरातल्या कुणाला तरी शाळा बुडवावी लागते. हजेरीपटात ते दिवस दिसतात, असं सर म्हणाले. अशा पोरांना मैदानावर पाणी मारणं ही साधी गोष्ट वाटत नाही. सरांनी त्यांना २०१६ सालची गोष्ट सांगितली होती. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं आणि राज्यातल्या आयपीएल सामन्यांच्या खेळपट्ट्यांना साठ लाख लिटर लागेल, असा आकडा गाजत होता. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं क्रिकेट मंडळाकडून सांगून झालं. तरी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. त्या साठ लाखांच्या खाली मुलीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं : ६०० टँकर. आपले ८८.

मैदानाला रोज चार टँकर लागतील, असं त्यांच्या गटानं गृहीत धरलं. ८८ टँकर बावीस दिवसांत खलास. वर्गात यावर बराच वेळ शांतता होती म्हणे. मग कुणीतरी सांडपाण्याचा मुद्दा काढला, कुणी म्हणालं गवत कमी करू, कडेला मुरूम टाकू. मला हा बावीसचा आकडा ८८ पेक्षा मोलाचा वाटतो. मोठमोठ्या स्टेडियमच्या चकचकीत पुस्तिकांत पाऊस साठवण्याचं चित्र असतं. ते पाणी किती दिवस पुरेल, हे मी तरी कुठं छापलेलं पाहिलेलं नाही.

टाकीचा प्रश्न त्याहून अडचणीचा निघाला. सोलापूरला सप्टेंबर हा पावसाचा मुख्य महिना, आणि पाण्याची खरी निकड फेब्रुवारी ते मे. म्हणजे ८८ टँकर सगळेच्या सगळे धरून ठेवायचे. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद खड्डा घेतला तर खोली पावणेनऊ मीटरच्या वर. 'टाकी हाय का विहीर बे,' मागून एकजण. तिनं शांतपणे वर्गाच्या छताकडे बोट केलं : असे जवळजवळ तीन मजले, जमिनीखाली. पार्कपासून जवळच सिद्धेश्वर तलाव आहे, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खोदवलेला. तो कुणी आणि कसा खोदला असेल, यावर सरांचा अर्धा तास गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी थर्माकोलपुढं होती. त्याला मोबाइलच्या बॅटरीवर लागणारे दिवे बसवले होते, पालकांनी सेल्फी काढल्या. टॉवेलच्या मैदानापाशी एक पाहुणे थांबले, बांधकामातले असावेत. तिनं तांब्या ओतला, बरणी भरली. त्यांनी एवढंच विचारलं, 'बेटा, एवढ्या टाकीला पैसे कुठून आणणार?'

'एक स्टँड कमी बांधायचा, सर.'

पाहुणे हसले. पण थर्माकोलवाला म्होरक्या कान देऊन होता. तो लगेच पुढं आला. 'स्टँड कमी केला तर छप्पर कमी. छप्पर कमी तर पाणी कमी. मग तुझे ८८ कुठं राहिले?'

ती अडली. बरोबर होतं त्याचं. तिनं वही उघडली, पान उलटलं, त्यालाच पेन्सिल मागितली. पार्किंगवर छप्पर टाकायचं, ती म्हणाली, तिथं बसायला पायऱ्या लागत नाहीत, नुसते खांब आणि पत्रा. 'तुझी पॅनल बी त्याच्यावरच लाव.' तो म्हणाला, पॅनलवरचं पाणी धरता येतं का? ते सरांना विचारायला गेले. पाहुण्यांना कुणी चहा दिला की नाही, कोण जाणे.