विष कोंडणारे यीस्ट

लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १०च्या आसपास. त्यात सोडियमची रेलचेल. जून २०२०मध्ये ते गुलाबी केले हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी. पावातल्या यीस्टला असे पाणी मानवणारे नाही, तरी जादा सोडियमशी झुंजायची युक्ती त्याच्याकडेही आहे: परिसर अल्कधर्मी झाला की पेशीपटलातला ‘एना१’ पंप एटीपी खर्चून सोडियम बाहेर फेकतो. अनेक बुरशीनाशकांना ‘पीडीआर५’ हा पंप अशीच वाट दाखवतो.

कॅडमियम या विषारी धातूची तऱ्हा मात्र विलक्षण. पेशीतल्या ग्लुटाथायोन या संयुगाचे दोन रेणू त्याला बांधून टाकतात. मग ‘वायसीएफ१’ हे प्रथिन ते गाठोडे रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या अडगळीच्या खोलीत, लोटते. धातू नष्ट होत नाही. आत कोंडलेला राहतो आणि पेशी जगते.