स्पर्धेपूर्वीचे पंधरा दिवस

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दवाखान्यात कॉलेजची आठ-दहा मुले-मुली एकदम शिरली. त्यातल्या एका मुलीचा घोटा चांगलाच सुजला होता. "डॉक्टर, ही आमची कॅप्टन. पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे. एखादे इंजेक्शन देऊन हिला खेळती करा," अशी सगळ्यांची मागणी. स्पर्धा कसली, तर 'अल्टिमेट फ्रिस्बी'ची. बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "हा काय नवा प्रकार?"

वाचकांपैकीही काहींना हा प्रश्न पडेल. १७५ ग्रॅम वजनाची प्लॅस्टिकची चकती एकमेकांकडे फेकत पुढे न्यायची आणि समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्याने ती झेलली की गुण मिळतो. एका संघाचे ७ खेळाडू मैदानात असतात. मैदान १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद. चकती हातात असताना पळायचे नाही, १० सेकंदांच्या आत ती फेकायची. १९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका शाळेत हा खेळ सुरू झाला. यात पंच नसतो. फाऊल झाला की खेळाडूंनीच तो प्रामाणिकपणे सांगायचा. खेळ दिसायला गमतीचा, पण सुसाट पळणे, एकदम थांबणे, वळणे आणि उडी मारणे यांत शरीराचा कस लागतो. त्यातून स्पर्धेत एका दिवसात तीन-तीन सामने!

मुलीचा घोटा तपासला. ती चार पावले चालू शकत होती आणि हाडावर दाबल्यावर कळ येत नव्हती. म्हणजे हाड मोडल्याची शक्यता कमी. सांधा धरून ठेवणारे बंध ताणले गेले होते. घरी कोणीतरी गरम तेलाने पाय चोळून दिला होता, त्यामुळे सूज वाढली होती. मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच ठेवणे, हाच उपाय.

इंजेक्शन मी दिले नाही. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा आहे. घंटा बंद केली म्हणून आग विझत नाही. कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचो. अंतिम सामन्यासाठी मुरगळलेल्या पायावर पट्टी आवळून, गोळी घेऊन उतरलो. सामना हरलो तो हरलोच, पण आजही खडबडीत रस्त्यावर तो घोटा दगा देतो. शिवाय अंगातले पाणी कमी झालेले असताना वेदनाशामक गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

मग मी सगळ्या संघालाच बसवून घेतले. त्यांना सांगितले ते कोणत्याही खेळाडूला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट सरावाची. शेवटच्या आठवड्यात दुप्पट सराव केल्याने ताकद वाढत नाही, थकवा मात्र साठतो. त्या आठवड्यात सरावाचा वेळ निम्म्यावर आणावा, वेग कायम ठेवावा आणि रोज आठ तास झोपावे. खेळण्यापूर्वी १५ मिनिटे हळू पळून, पाय झुलवून अंग गरम करावे. रोज एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळून उभे राहावे. त्याने घोटे मजबूत होतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. ही मुले पहाटे सराव करतात आणि सामने भर दुपारी! उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. म्हणून आतापासून थोडा थोडा सराव उन्हात करावा. खेळण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर पाणी घामावाटे गेले, असे समजावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. फार घाम गेल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. चमचा चहाचा घ्यावा. मात्र तहान नसताना नुसते पाणी पोटभर ढोसणेही घातक असते. उन्हात खेळताना कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा भोवळ येऊन पडले, तर उष्माघात समजून ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा व १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नये.

तिसरी गोष्ट जेवणाची. सामन्याआधी दोन-तीन तास पोहे, उपमा किंवा वरण-भात खावा. वडापाव-मिसळ स्पर्धा संपल्यावर! दोन सामन्यांच्या मध्ये केळे, खजूर किंवा चिक्की पुरे. या खेळात मुले-मुली एकत्र खेळतात. ज्या मुलींना लवकर दम लागतो त्यांनी 'स्टॅमिना नाही' म्हणून गप्प न बसता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

कॅप्टनचे डोळे भरून आले होते. "मी खेळू शकेन का?" मी म्हटले, "सूज उतरू दे. मग दुखऱ्या पायावर न दुखता दहा उड्या मारून दाखव आणि वळणे घेत पळून दाखव. जमले तर खेळ, नाही तर बाहेर बसून संघ चालव. दुखते की नाही, हे मात्र तूच खरे सांगायचे. तुमच्या खेळात पंच नसतो ना? मग इथेही नाही."

ती हसली आणि मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडली. पालकहो, आपल्या मुलांनाही हे खरे बोलायला शिकवा. दुखणे लपवणे म्हणजे शौर्य नव्हे.