पडद्यावरचे मानांकन, पटावरची परीक्षा

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवा जालना. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी या शहराचे नाव देशभर पोहोचविले. बुद्धिबळाचा विषय निघाला की मात्र नागपूर, पुणे, नाशिक, मुंबई हीच नावे आधी पुढे येतात. तरीही रात्री शाळा-शिकवणीचा अभ्यास आटोपल्यावर मोबाइलच्या पडद्यावर चौसष्ट घरांचा पट मांडणारी मुले जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथेही आहेत. समोरचा प्रतिस्पर्धी ब्राझीलमध्ये असतो किंवा पोलंडमध्ये. प्रवेशशुल्क नाही, प्रवासखर्च नाही आणि डाव हवा तेव्हा मिळतो.

अशा एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करू या. वर्ष-दीड वर्षात त्याने दोन-तीन हजार डाव खेळले आहेत आणि त्याचे ऑनलाइन मानांकन, म्हणजेच रेटिंग, १७०० वर गेले आहे. घरच्यांना कौतुक वाटते आणि वडील रजा काढून त्याला छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला मानांकन स्पर्धेसाठी घेऊन जातात. तेथे नऊ फेऱ्यांत त्याला जेमतेम तीन गुण मिळतात. परतीच्या प्रवासात मुलगा गप्प आणि वडीलही गप्प. इतके डाव खेळूनही मुलगा हरला कसा, हा प्रश्न दोघांच्याही मनात असतो. त्याचे उत्तर मुलाच्या बुद्धिमत्तेत नसून त्याच्या सरावाच्या पद्धतीत आहे.

आकडा काय सांगतो?

मानांकनाची आजची पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकांच्या नावाने ओळखली जाते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे ‘फिडे’ने, ती १९७० साली स्वीकारली. या पद्धतीत दोन खेळाडूंच्या मानांकनातील फरकावरून अपेक्षित गुण काढले जातात. फरक २०० गुणांचा असेल, तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. फरक ४०० चा झाला की ही अपेक्षा ९० च्या पुढे जाते.

मानांकन म्हणजे एका विशिष्ट समूहातील खेळाडूची जागा. समूह बदलला की आकड्याचा अर्थही बदलतो. एका शाळेतील पहिल्या क्रमांकाची तुलना दुसऱ्या शाळेतील पहिल्या क्रमांकाशी थेट करता येत नाही, तसेच हे आहे. ‘लिचेस’ या मोफत संकेतस्थळावर नव्या खेळाडूची सुरुवातच १५०० पासून होते. ‘फिडे’च्या यादीत मार्च २०२४ पासून सर्वांत कमी मानांकन १४०० ठेवण्यात आले आहे. म्हणून पडद्यावरचे १७०० आणि ‘फिडे’चे १७०० यांना एकाच तराजूत तोलणे ही पहिली चूक होय. आपला आकडा गेल्या सहा महिन्यांत कोणत्या दिशेने सरकला, एवढेच त्यावरून पाहावे.

बलस्थाने खरीच आहेत

ऑनलाइन खेळाडूला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. त्याची पहिली जमेची बाजू म्हणजे नजर. दुहेरी हल्ला, मागच्या ओळीवरची मात, राजासमोर जखडलेला मोहरा हे नमुने त्याला पाहता क्षणी दिसतात. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंना पटावरील स्थिती अवघी पाच सेकंद दाखविली होती. खऱ्या डावातील स्थिती निष्णात खेळाडूंनी नवशिक्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखविली. मोहरे कसेही विखुरलेले असले, की त्यांची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. याचा अर्थ असा, की त्यांची स्मरणशक्ती अद्भुत नव्हती, परिचित आकृत्यांचा साठा मोठा होता. ऑनलाइन डाव आणि कोडी हा साठा झपाट्याने वाढवितात.

दुसरी बाजू निर्भयतेची. रोज देशोदेशींच्या खेळाडूंशी गाठ पडल्याने समोरच्याच्या नावाचे दडपण येत नाही. तिसरी बाजू वेळेच्या जाणिवेची. घड्याळात अर्धा मिनिट उरला तरी हा खेळाडू गोंधळत नाही. या गुणांना धक्का न लावता उणिवा दूर करणे, हे सुधारणेचे खरे काम आहे.

उणिवा कोठे दडतात?

पहिली उणीव घाईची. तीन मिनिटांच्या डावात ४० चाली करायच्या, तर एका चालीला सरासरी साडेचार सेकंद मिळतात. ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंद वाढीव वेळ असलेल्या डावात हीच सरासरी पावणेतीन मिनिटांवर जाते. ज्याला साडेचार सेकंदांची सवय जडली, तो पावणेतीन मिनिटांचे करणार काय? मनात आलेली पहिली चाल खेळून तो मोकळा होतो आणि स्पर्धेत तासभर वेळ शिल्लक असतानाच हरतो.

दुसरी उणीव सुरुवातीच्या सापळ्यांवर विसंबण्याची. चौथ्या-पाचव्या चालीत वजिराने मात देण्याच्या युक्त्या पडद्यावर काही काळ चालतात. त्या ओळखणारा प्रतिस्पर्धी भेटला की आपला वजीर भलत्या जागी अडकतो आणि उरलेला डाव केवळ निस्तरण्यात जातो.

तिसरी उणीव अंतपर्वाची. अतिजलद डाव बहुधा घड्याळावर संपतात किंवा मध्येच सोडून दिले जातात. राजा आणि एका प्याद्याचा डाव शेवटपर्यंत नेण्याची वेळ क्वचितच येते, त्यामुळे तो शिकण्याची गरजही भासत नाही.

चौथी आणि सर्वांत घातक उणीव म्हणजे हरलेल्या डावाकडे पाठ फिरविणे. हार झाली की बोट ‘नवा डाव’ या बटणावर जाते. रागाच्या भरात आणखी पाच डाव खेळले जातात आणि त्यातले चार गमावले जातात. तपासणी झालीच, तर ती संगणकावर सोपविली जाते. ‘स्टॉकफिश’सारखी प्रणाली क्षणात चूक दाखविते, पण ती चूक आपल्या हातून का झाली, हे तिला सांगता येत नाही.

विश्वचषकविजेतीने मोजलेली उणीव

अंतपर्वाचा विषय केवळ नवशिक्यांचा आहे असे कोणाला वाटत असेल, तर नागपूरच्या दिव्या देशमुखचे उदाहरण आठवावे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत तिची आणि कोनेरू हंपी यांची झाली. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांच्या ‘टायब्रेकर’मध्ये पहिला डाव बरोबरीत राहिला आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याने जिंकला. विश्वचषकाबरोबरच तिला ‘ग्रँडमास्टर’ हा किताब मिळाला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली.

विजयानंतर लगेचच बोलताना, अंतपर्वे आपल्याला अजून शिकायला हवीत, अशी कबुली तिने दिली. निर्णायक डावाच्या अखेरीस आपला खेळ निर्दोष नव्हता, हे तिने स्वतःच सांगितले. एकोणीस वर्षांची विश्वचषकविजेती जिंकलेल्या डावातही आपली उणीव शोधते, तर हरलेला डाव न पाहता पुढे जाण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळतो?

पूर्वीच्या पिढीतही हीच शिस्त होती. १९४८ साली विश्वविजेते झालेले मिखाईल बोटविनिक आपल्या डावांचे विश्लेषण प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरीत. लोकांनी त्यातील चुका दाखवाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह या दोघांनीही त्यांच्या शाळेत धडे घेतले.

डावांच्या संख्येने भागत नाही

भरपूर खेळले की खेळ आपोआप सुधारतो, ही समजूत सर्वत्र आढळते. नील चारनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बुद्धिबळपटूंच्या सरावाचा हिशेब मांडला होता. स्पर्धेत खेळण्यापेक्षाही एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचा मानांकनाशी अधिक दृढ संबंध असल्याचे त्यात दिसून आले. जालन्यासारख्या ठिकाणच्या मुलाला यातून दिलासा मिळायला हवा. मोठ्या प्रशिक्षकाचा वर्ग गावात नसला, तरी एकट्याने करायचा अभ्यास कोणत्याही गावात करता येतो.

सुधारणेचा आराखडा

रोजचा एक तास आणि रविवारचे तीन तास एवढा वेळ गृहीत धरून तीन महिन्यांची योजना आखता येईल.

रोज पहिली वीस मिनिटे कोड्यांना द्यावीत. ती वेगाने न सोडविता, प्रतिस्पर्ध्याचे सर्वोत्तम उत्तर मनात पाहिल्याशिवाय चाल खेळायची नाही, असा नियम ठेवावा. पाच कोडी बरोबर सुटणे हे पन्नास कोडी अंदाजाने सोडविण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

पुढची वीस मिनिटे अंतपर्वाची. पहिल्या महिन्यात राजा आणि प्याद्यांचे डाव पुरे. दोन राजे एक घर सोडून समोरासमोर आले असता ज्याची चाल असते त्याला वाट द्यावी लागते, हे तत्त्व हाडीमाशी खिळले पाहिजे. दुसऱ्या महिन्यात हत्तींच्या अंतपर्वातील दोन मूलभूत स्थिती शिकाव्यात. ‘ल्युसेना’ स्थितीत जिंकायचे कसे हे कळते, तर ‘फिलिडोर’ स्थितीत डाव वाचवायचा कसा हे कळते. दुसऱ्या स्थितीत बचाव करणारा आपला हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या ओळीवर रोखून धरतो. प्यादे त्या ओळीवर सरकले, की हत्ती दूर मागे नेऊन शह देत राहतो आणि बरोबरी साधतो. एवढे एक ज्ञान वर्षाकाठी काही अर्धे गुण वाचवू शकते.

उरलेली वीस मिनिटे स्वतःच्या डावांसाठी असावीत. आठवड्यात तीस मिनिटांचे किंवा त्याहून मोठे दोनच डाव खेळावेत. डाव संपल्यावर संगणक बंद ठेवून, कोठे विचार चुकला हे आधी वहीत लिहावे आणि मगच प्रणालीचे मत पाहावे. प्रत्येक चुकीपुढे एक शब्द लिहावा: घाई, धोका दिसला नाही, योजना नव्हती, अंतपर्व, किंवा वेळ संपला. वीस डावांनंतर कोणता शब्द सर्वाधिक वेळा आला हे मोजले, की पुढच्या महिन्याचा अभ्यासक्रम आपोआप ठरतो.

रविवारी लाकडी पट काढावा. पडद्यावरचा सपाट पट आणि टेबलावरचा उंच मोहऱ्यांचा पट डोळ्यांना वेगळा दिसतो, आणि स्पर्धा टेबलावरच होते. तेथे हात लावलेला मोहरा हलवावा लागतो, चाली स्वतः लिहाव्या लागतात, घड्याळ स्वतः दाबावे लागते. मित्राबरोबर किंवा घरातील मोठ्यांबरोबर अशा रीतीने एक तासाचा डाव खेळला, तरी स्पर्धेतील निम्मा बुजरेपणा जातो.

एक पथ्य शेवटचे: लागोपाठ दोन डाव हरल्यास त्या दिवशी खेळ बंद. अतिजलद डाव पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नाही. जेवणात लोणच्याचे जे स्थान, तेच त्यांचे असावे.

पडदा हे साधन

ऑगस्ट २०२० मध्ये ‘फिडे’चे ऑलिम्पियाडच ऑनलाइन झाले. नाशिकचा विदित गुजराथी भारतीय संघाचा कर्णधार होता. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची इंटरनेट जोडणी ऐन डावात तुटली, आणि अखेर दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. पडद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्या एका दिवशी दिसून आली.

या साधनाने जालन्याच्या मुलाला जगाशी खेळण्याची संधी मिळवून दिली, हे निर्विवाद. मात्र त्या संधीचे कौशल्यात रूपांतर करण्याचे काम त्याच्या वहीतच होणार आहे. तीन महिन्यांनंतर पालकांनी त्याचे मानांकन विचारू नये. वही उघडून ‘घाई’ हा शब्द किती कमी झाला, एवढेच पाहावे. तो कमी झाला असेल, तर पुढच्या स्पर्धेसाठी रजा काढायला हरकत नाही.