सभेत बोलताना : लेखांक ९ – कीर्तनातली अर्धी ओळ

श्रोता काही करत असतो तोवर त्याचे लक्ष टिकते. नुसता ऐकत राहिला की ते पातळ होऊ लागते. वारकरी कीर्तनाची सारी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे. ठाण्याजवळच्या दिवा परिसरातील दातिवली, साबे, आगासन, बेतवडे या मूळ आगरी गावांत हरिनाम सप्ताहाची परंपरा आहे. या पट्ट्यात वारकरी कीर्तनाला मोठा मान. शेजारच्या डोंबिवलीचे क्रीडासंकुलही कीर्तनकार ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांच्या नावाने ओळखले जाते.

सप्ताहातला श्रोतावर्ग सोपा नसतो. लोकलच्या गर्दीतून उभ्याने घरी परतलेला नोकरदार, स्वयंपाकघर आवरून आलेली गृहिणी, पेंगणारी मुले आणि शेकडो अभंग पाठ असलेले जुने माळकरी एकाच मंडपात बसतात. त्यांच्यापुढे सुमारे दोन तास एकाच अभंगाचे निरूपण करायचे असते.

त्यासाठी कीर्तनकार एकटा उभा राहत नाही. मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला मृदंग, चाल उचलायला गायनाचार्य. नमन आणि रूपाचा अभंग होईपर्यंत मंडप एका लयीत आलेला असतो. मग निरूपणाचा अभंग लागतो आणि त्याचे ध्रुपद वेगवेगळ्या चालींत पुन्हा पुन्हा म्हटले जाते. नवख्याला ही पुनरावृत्ती लांबण वाटते. प्रत्यक्षात ती फार मोलाची, कारण ज्या ओळीवर पुढे बोलायचे ती या वेळात श्रोत्याच्या तोंडी बसते.

निरूपणात खरी करामत असते ती प्रमाणाची. एखादा मुद्दा मांडून झाला की त्याला आधार म्हणून कीर्तनकार ज्ञानेश्वरांची ओवी किंवा तुकोबांचा चरण घेतो. तो पहिला अर्धा भाग म्हणतो, आवाज किंचित खाली आणतो, हात वर करतो आणि थांबतो. उरलेला अर्धा टाळकरी आणि मंडपातले जाणकार पुरा करतात. मृदंगावर थाप पडते, चरण गायला जातो, टाळ थांबतात. पुढचे वाक्य त्या ताज्या शांततेत पडते. एवढ्या अवकाशात वक्त्याला दम मिळतो, पेंगणारा जागा होतो आणि ज्याने ओळ पुरी केली त्याला तो मुद्दा स्वतःचा वाटू लागतो. प्रमाणांची गर्दी केली की मात्र निरूपणाचा धागा तुटतो. पाठांतर दाखवण्यासाठी प्रमाणे ओतणारा कीर्तनकार दाद मिळवतो, पण विषय घालवून बसतो.

कीर्तनाबाहेर, व्याख्यानात मात्र श्रोत्यांचे लक्ष दहा-पंधरा मिनिटांनी उडते, असे सर्रास सांगितले जाते. अमेरिकेतील कॅरन विल्सन आणि जेम्स कॉर्न यांनी २००७ मध्ये या समजुतीमागचे संशोधन तपासले, तेव्हा तिला भक्कम पुरावा आढळला नाही. लक्षाला घड्याळाचा ठरलेला काटा नाही. बोलणारा काय करतो यावर बरेच अवलंबून असते.

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) श्रोत्याला बोलते ठेवण्याचे हेच काम प्रश्नांनी केले. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या हजारोंना असा प्रश्न टाकत की उत्तर न देणेच अवघड व्हावे. कर्ज, हुंडा, दारू, नवसाचे बकरे हे विषय लोकांच्या घरातलेच होते. होकार-नकार देता देता श्रोता पुढच्या प्रश्नाशी येऊन पोचे आणि तिथे त्याला स्वतःच्याच वागणुकीचे उत्तर द्यावे लागे. सभेत प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणाऱ्या वक्त्यांनी एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे: विचारले की थांबावे.

श्रोत्यांकडून ओळ किंवा उत्तर घेण्याची ही पद्धत त्यांच्या आवाजावर चालते, म्हणून मंडपातला ध्वनिक्षेपक तिचा मदतनीसही होतो आणि शत्रूही. कर्णे इतके चढवले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तर तो म्हणणे सोडून देतो आणि हळूहळू ऐकणेही. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. दहाच्या आधीही आवाजाला नियमांची मर्यादा आहे; तिच्या आत तो किती ठेवायचा हे मात्र संयोजकांच्या हाती असते. सप्ताह समित्यांनी तो इतकाच ठेवावा, की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला अर्धी ओळ पुरी करताना स्वतःचा सूर ऐकू यावा.