कारणाचा रकाना

बंदुकीच्या परवान्यासाठी जो अर्ज करावा लागतो, त्यात शस्त्र कशासाठी हवे हे सांगण्यासाठी एक रकाना असतो. तीसेक वर्षांपूर्वी, आम्ही दक्षिण कोकणातील एका गावी शाळामास्तर असताना, एका विद्यार्थ्याचे वडील असा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. सरकारी कागद मास्तरांच्या हातचा असावा, ही समजूत तेव्हा अजून पुरती मावळली नव्हती. त्यांना ठासणीची बंदूक हवी होती. रकान्यात काय लिहू, असे विचारता ते म्हणाले, "डुकरां! आनी काय?" आम्ही त्याचे 'रानडुकरांपासून भातपिकाचे संरक्षण' असे शुद्ध रूपांतर केले आणि अर्ज रवाना झाला. सात महिन्यांनी उत्तर आले. त्यावर एकच शब्द होता: नामंजूर. नागरिकाने कारण सांगायचे आणि सरकारने मात्र सांगायचे नाही, ही रीत त्या गृहस्थांना मुळीच खटकली नाही. सरकारच ते, असे म्हणून त्यांनी कागदाची घडी केली आणि ते नांगरणीला गेले.

आम्हाला मात्र ती खटकली होती आणि आजही खटकते. निवडणूक जाहीर झाली, की परवानाधारकांनी आपापली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत असे आदेश निघतात. निवडणुकीच्या दिवसांत दहशत माजू नये हा हेतू रास्तच आहे; त्याविषयी कोणाचे दुमत असणार नाही. परंतु कोकणातील भातशेतीचे वेळापत्रक निवडणूक आयोगाला विचारून ठरत नाही. २०१९ साली विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळी आचारसंहितेचा काळ नेमका त्याच दिवसांवर आला, ज्या दिवसांत भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळे पडते, कापणी चालू होते आणि रात्री डुकरांचे कळप शेतात उतरतात. बंदुकीचा एक बार हवेत उडाला तर कळप हटतो. ती बंदूक मात्र ठाण्याच्या कोठडीत असते; निकाल लागून काही दिवस होईपर्यंत ती परत मिळत नाही. शेतकरी मग डबे वाजवीत माचावर रात्र काढतो.

आता आयोगाच्या सूचना पाहिल्या, तर त्यांत सरसकट जप्ती सांगितलेलीच नाही. जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंग्यात सापडलेले असे लोक निवडावेत, आणि त्यांची शस्त्रे ठेवून घ्यावीत, असा त्या सूचनांचा आशय आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने हेच बजावले, की सर्वांवर एकजात सक्ती करता येणार नाही. पण छाननीला वेळ लागतो, फायली उघडाव्या लागतात, आणि कोणाचे तरी नाव लिहून त्यापुढे कारण लिहावे लागते. त्यापेक्षा सर्वांनाच बोलावणे सोपे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आमच्या प्रशासनाची हौस जुनीच आहे. ज्याच्या हातून निवडणुकीत गोळी सुटण्याची भीती असते, त्याचे पिस्तूल बहुधा परवान्याचे नसतेच. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांपैकी फार मोठा वाटा बेकायदा शस्त्रांचा असतो, आणि उत्तर प्रदेशातील अशा शस्त्रांच्या सुळसुळाटाची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आपण होऊन घेतली होती.

ही सवय कोठून आली, हे पाहावयाचे तर मार्च १८७८ पर्यंत मागे जावे लागते. लॉर्ड लिटन हे तेव्हा व्हाइसरॉय होते. त्या एका महिन्यात त्यांच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या, आणि दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले. शस्त्र या शब्दात बंदुकीबरोबर तलवार, भाला, एवढेच काय, धनुष्यबाणही धरला होता. युरोपियनांना या कायद्याच्या जाचातून सूट होती. संस्थानिक आणि मानाच्या पदव्या मिळवलेले काही भाग्यवंतही सुटले होते. म्हणजे शस्त्र धोक्याचे आहे असे सरकारला वाटत नव्हते, तर ते कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून होते. वृत्तपत्रांचा कायदा रिपनसाहेबांच्या कारकीर्दीत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा राहिला.

या दोन कायद्यांची जोडी पुन्हा एकदा जमली, ती ८ जून १९०८ रोजी. त्या एका दिवशी स्फोटक द्रव्यांचा कायदा झाला आणि वृत्तपत्रांना चिथावणीच्या आरोपाखाली गप्प करण्याचाही कायदा झाला. दुसऱ्याच दिवशी 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला, आणि त्याच्यासह दोन लेखांवरील खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. वृत्तपत्राच्या कचेरीत बसून शस्त्रांच्या कायद्यावर लिहिताना हा इतिहास आम्हाला विसरता येत नाही. बंदुकीला भिणारे सरकार लेखणीलाही भिते.

म्हणूनच आमच्या राष्ट्रीय चळवळीने हा प्रश्न कधी सोडला नाही. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचा ठराव झाला. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराचीच्या ठरावात नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. आणि वाचकांपैकी पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत मिठावरील कर उठवण्याच्या मागणीबरोबर, आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत अशीही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने बंदूक मागावी, हे वरवर विचित्र दिसते. परंतु त्या मागणीला एक शेपूट होते: परवान्यांवर लोकांचे नियंत्रण असावे. नियंत्रण नको असे त्यांनी म्हटले नाही; ते कोणाचे असावे, एवढेच सांगितले.

स्वातंत्र्य आल्यावर मात्र चित्र पालटले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली, आणि कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे, असे झाले तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. आणि शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा, राष्ट्रावर प्रसंग आला असता शस्त्र धरण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे पडले. दुरुस्ती फेटाळली गेली. आज आमच्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आहे, तो 'विनाशस्त्र' एकत्र जमण्याच्या हक्कात.

डॉ. आंबेडकरांचा निर्णय बरोबर होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क आहे. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला. सरकारच्या जुलुमाविरुद्धचा अखेरचा आधार म्हणून तेथील पुष्कळ लोक त्याकडे पाहतात. २०१२ साली सँडी हूक येथील शाळेत वीस बालके आणि सहा मोठी माणसे, २०२२ साली युवाल्डे येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका बंदुकीला बळी पडल्या. ज्याने काही वर्षे वर्गात हजेरी घेतली आहे, त्याला या आकड्यांपुढे हक्कांची चर्चा सुचत नाही. त्या वाटेने आम्हाला जावयाचे नाही.

परंतु हक्क नाही म्हणजे न्याय नाही, असे थोडेच आहे? १९५९ चा शस्त्र कायदा, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, तो वाचला तर असे दिसते की स्वतंत्र भारताच्या संसदेला लिटनच्या संशयाला रजा द्यावयाची होती. वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक स्वसंरक्षणासाठी वा शिकारीसाठी मागणाऱ्या, किंवा ठासणीची बंदूक पिकाच्या रक्षणासाठी खरोखर मागणाऱ्या नागरिकाला, तो अपात्र नसेल तर परवाना दिला पाहिजे, असे कलम १३ मध्ये म्हटले आहे. देता येईल असे नव्हे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावर नकार देता येत नाही, हे कलम १४ सांगते. नकार दिल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावीत, आणि मागितल्यास त्यांचे संक्षिप्त निवेदन अर्जदाराला द्यावे, असेही तेच कलम सांगते. कलम १८ अन्वये त्यावर अपील करता येते. २०१६ च्या नियमांनी पोलिसांच्या अहवालाला आणि निर्णयाला मुदतीही घातल्या. आमच्या त्या पालकांच्या कागदावर जो एकच शब्द होता, तो या कायद्याच्या दृष्टीने पुरेसा नव्हता. हे तेव्हा ना त्यांना ठाऊक होते, ना त्यांच्या मास्तरांना. (मास्तरांना ठाऊक असायला हवे होते, नागरिकशास्त्राचा तास तेच घेत असत.)

पाणी मुरते ते दोन ठिकाणी. कारण कळवणे जनहिताचे नाही असे अधिकाऱ्याला वाटले, तर ते न कळवण्याची मुभा त्याच कलमात आहे, आणि अपवादासाठी ठेवलेल्या दरवाजातून पुष्कळदा रहदारी चालते. दुसरे असे, की कारण मागायचे असते हेच सामान्य माणसाला माहीत नसते. परिणामी परवाना हा कायद्याचा व्यवहार न राहता मेहेरबानीचा होतो. पुढाऱ्याच्या कमरेला पिस्तूल प्रतिष्ठेचे म्हणून लटकते आणि डोंगरकुशीतल्या शेतकऱ्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. १८७८ ची पदवीधरांना सूट आणि हे, यांत प्रकाराचा फरक आम्हाला दिसत नाही.

विश्वास ठेवला तर काय होते, याचेही एक उदाहरण देशात आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवांना व जम्मा जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तेथे बंदुकांची पूजा होते, आणि जिल्ह्याची ख्याती कॉफीसाठी व करिअप्पा-थिमय्यांसारख्या सेनानींसाठी आहे. एका समाजाला जे मिळते ते सर्वांना मिळावे, असे आम्ही म्हणत नाही. मात्र बंदूक बाळगणारा प्रत्येक जण संशयित, हे गृहीतक सरकारलाही सर्वत्र मान्य नाही, एवढे यावरून दिसते.

यापुढच्या निवडणुकीआधी कोकणातील जिल्हाधिकाऱ्यांना फार मोठे काम करावयाचे नाही. छाननी समिती आचारसंहितेपूर्वी बसवावी. पीकसंरक्षणाच्या बंदुकांचा विचार वेगळा व्हावा. आणि ज्याची बंदूक जमा करून घ्यावयाची, त्याच्या नावाच्या आदेशात ती का घेतली हे एका ओळीत लिहावे. हे आदेश छापील असतात. त्यांत कारणाचा एक रकाना वाढवायला सरकारी छापखान्याला सात महिने लागू नयेत.